पाव्हणी, पंचगंगा आणि सहा पॉइंट आठ फॅट

२४ जानेवारी

मिरज सुटलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस रमतगमत कोल्हापूरकडं निघाली. समोरच्या बर्थवर माझी सहकारी रात्रभर पाय दुमडून झोपली होती. उंची पाच फूट अकरा इंच, बर्थ तिच्या मापाचा नाही. उठल्या उठल्या तिनं विचारलं, "किती उशीर?" चाळीस मिनिटं. तिनं खिशातली डायरी काढून, ताप लिहावा तसं ते लिहून घेतलं. पुढं त्या डायरीची आमच्या गल्लीत बरीच चर्चा झाली.

मी अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला राहते. ती आमच्या कंपनीत ओतकामाच्या भागांची खरेदी आणि तपासणी बघते. शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री बघायला तिला यायचंच होतं, माझीही रजा शिल्लक होती. "हॉटेल कशाला, आमच्याकडंच उतर," असं मी म्हणाले तेव्हा तिनं दोन दिवस विचार केला आणि मग हो म्हणाली. तिकडं अकरा वर्षांत मी एकाही सहकाऱ्याच्या घरी मुक्काम केलेला नाही. जेवायला गेले असेन पाच-सहा वेळा, तेही तीन आठवडे आधी तारीख ठरवून.

स्टेशनवर बाबा, काका, काकांचा मुलगा आणि शेजारचे दोघे हजर. हे लोक दुसऱ्याच कुणाला तरी घ्यायला आलेत असं तिला वाटलं. घरी आईला तिचं नाव उच्चारेना. दोनदा जीभ वळवून बघून आईनं "पाव्हणी" असं बारसं करून टाकलं. मीही इथं तेच वापरते.

दुपारी जेवताना बाबांनी नकाशा काढला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आकड्यांवर भारी जीव. नेदरलँड्स साडेएकेचाळीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पाचपटीहून थोडा मोठा. लोक १ कोटी ८० लाख. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात चौरस किलोमीटरला ५०४ माणसं होती. त्यांच्याकडं पाण्याखालचा भाग सोडला तर पाचशेच्या थोडं वर. "म्हंजे गर्दी सारखीच की," बाबा म्हणाले. मी घास हातात धरून बसले. 'आमच्याकडं गर्दी फार ना, म्हणून असं होतं' हे वाक्य मी तिकडं किती वेळा तोंडावर फेकलंय! बाबांचा पुढचा आकडा त्याहून वाईट होता. ही एवढीशी माणसं वर्षाला जेवढं कमावतात ते आपल्या १४० कोटींच्या कमाईच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त भरतं. माणशी काढलं तर वीस पटींच्या वर.

पाव्हणी तोवर पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी संपवत होती. आईनं विचारलं, जेवण कसं झालं? "रस्सा उत्तम. ही भाजी मला आवडली नाही." मी जसंच्या तसं भाषांतर केलं, कारण खोटं बोललं की तिला कळतं. दोन क्षण शांतता. मग आई मोठ्यानं हसली, "सरळ हाय गं. पुण्याची न्हाई म्हणायची."

२५ जानेवारी

सकाळी पाव्हणी पायी फिरायला म्हणून बाहेर पडली आणि दहा मिनिटांत परत आली. आमच्या शुक्रवार पेठेत फूटपाथ असायला हवा तिथं दुकानाची पायरी आहे, पायरी नाही तिथं मोटरसायकल, आणि दोन्ही नाहीत तिथं गटारीवरची फरशी गायब. "मग इथले लोक चालतात कुठून?" रस्त्यातून, गाड्यांबरोबर. बाबांनी माळ्यावरची ॲटलास सायकल उतरवली, हवा भरून आणली, सीट शेवटच्या आट्यापर्यंत वर केली.

तिच्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त, सव्वादोन कोटींच्या वर. उसाच्या ट्रॉल्यांमधून ती हात दाखवत, वळत निघाली. हात दाखवला की मागचा थांबतो असा तिचा ठाम समज. थांबलेही सगळे. सहा फुटी गोरी बाई ॲटलासवरून हात लांब करून वळतीय म्हटल्यावर कोण नाही थांबणार? आम्ही बापलेक मागनं ॲक्टिव्हावर.

कसबा बावड्याचा राजाराम बंधारा. पंचगंगा काठोकाठ तुंबलेली, वर पातळ धुकं, बंधाऱ्यावरनं दुधाच्या किटल्या घेऊन मोटरसायकली जातायत. बाबांनी खांबांतल्या खाचा दाखवल्या. पावसाळा संपला की या खाचांत बरगे सरकवायचे आणि पाणी अडवायचं, जूनच्या आत बरगे काढून नदीला वाट मोकळी करायची. महाराष्ट्रभर अशा बंधाऱ्याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात, इंजिनियर लोक के. टी. वेअर. पाव्हणी गुडघ्यावर बसून खाचेत बोटं घालून बघत होती. त्यांच्याकडं कालव्यांवर अशाच फळ्या सरकवतात म्हणे, नाव 'स्खॉटबाल्कन'. बाबांनी तो शब्द चार वेळा म्हणून घेतला आणि दिवसभर मिरवला.

याच बंधाऱ्यावर पुराची पातळी मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. जुलै-ऑगस्टात अख्खं कोल्हापूर हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारत असतं. त्यातच राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले ही बातमी. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं ते धरण, त्याला असे सात दरवाजे. पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपोआप उघडतात. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं. २०२१चा जुलै मला विसरता येत नाही. महिन्याच्या मध्याला आमच्या शेजारच्या लिंबुर्ख प्रांतात पूर आला, फाल्केनबुर्ख नावाचं गाव पाण्यात गेलं. पलीकडं जर्मनीत पावणेदोनशेहून जास्त माणसं मेली. नेदरलँड्समध्ये पुरात एकही नाही. त्यानंतर आठवडाभरात पंचगंगा पात्राबाहेर. एकाच मोबाइलवर मी दोन्ही बघत होते. तिकडं कुणी कधी घर सोडायचं याचे संदेश येत होते. इकडं मामाचा फोन लागत नव्हता, आणि शेवटी लागला तेव्हा कळलं की कुठल्याशा तालमीच्या पोरांनी होडी घालून त्याला म्हशींआधी बाहेर काढलं म्हणून तो त्या पोरांवर चिडलाय.

पाव्हणीनं मग पाण्याच्या मंडळांची गोष्ट सांगितली. देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. बांध फुटला तर सगळेच बुडणार. त्यामुळं तेराव्या शतकापासून शेतकऱ्यांनी बांध राखायची मंडळं केली. आज अशी २१ आहेत. त्यांचा कर वेगळा, त्यांची निवडणूक वेगळी, दर चार वर्षांनी. बाबांना हे काही केल्या पचेना.

"पाण्याचं इलेक्शन? उभं कोण राहतं?"

"शेतकरी, घरमालक, पक्षाचे लोकही."

"आणि खर्च किती करतात?"

"पत्रकं वाटतात."

"जेवणावळी?"

मी भाषांतर केलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन सातच्या ठोक्याला नाही, पण फार मागंही नाही. मग जिलेबी. कोल्हापुरात या दिवशी चौकाचौकात मांडव टाकून जिलेबी तळतात आणि माणसं किलोकिलोनं घरी नेतात. पाव्हणीला राजाचा वाढदिवस आठवला, २७ एप्रिल. सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर जुन्या वस्तू विकायला बसतो. पोरं आपली मोडकी खेळणी पन्नास-पन्नास सेंटला विकतात. "सणाच्या दिवशी इकतात?" काकूला ते फार लागलं.

संध्याकाळी बाबांच्या कट्ट्यावर तिची जाहीर मुलाखत. पहिला प्रश्न अर्थातच पगार. तिनं सांगितला. तिकडं पगार विचारणं असभ्य आणि तोंडावर "हे चुकीचं आहे" म्हणणं सभ्य. आपल्याकडं बरोबर उलट. पगार ऐकून कट्टा गार पडला. मग तिनं वजावटी सांगितल्या. वरच्या टप्प्याला प्राप्तिकर ४९.५ टक्के. आरोग्य विमा सक्तीचा, शिवाय वर्षाला पहिले ३८५ युरो आपल्याच खिशातनं. घरं सुमारे चार लाख कमी पडतायत, तिचा सत्तावीस वर्षांचा मुलगा पुन्हा आईबापाकडं राहायला आलाय. हे ती मोठं संकट म्हणून सांगत होती आणि कट्ट्यावरचे सगळे माना डोलावत होते, चांगलं झालं म्हणून.

"मग सुखाच्या यादीत तुमी वर कसं?" एका काकांनी पेपरात वाचलेलं असतं. त्यांचा देश दर वर्षी पहिल्या दहांत, आपला शंभराच्या पलीकडं. पाव्हणीनं विचार करून सांगितलं, "मी पाच वाजता घरी जाते. उद्याही पाच वाजता जाणार आहे, हे मला आज माहीत असतं." तिथं माणूस आठवड्याला सरासरी ३२ तासच काम करतो, अर्धवेळ करणाऱ्यांची संख्याच मोठी. बाबांनी आकडा मनात लिहून घेतल्याचं मला दिसलं.

मग गाडी शाहू महाराजांवर. बाबांचं आवडतं गणित असं: नेदरलँड्समध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९०० सालचा, कोल्हापूर संस्थानात महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं १९१७ला. अंतर अवघं सतरा वर्षांचं. महाराज ४७व्या वर्षी गेले. "आणखी वीस वर्षं मिळाली असती तर..." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. या वेळी मी पाव्हणीला विचारलं, तुमच्याकडं तो कायदा कुणी आणला? तिला माहीत नव्हतं. शाळेत शिकवलं असेल, म्हणाली. बाबांना तिची कीव आली. मला तिचा हेवा वाटला. माणूस गेला तरी शाळा चालू राहिली म्हणून नाव विसरायची चैन त्यांना परवडली.

२७ जानेवारी

शिरोली. फाउंड्रीचं नाव सांगत नाही, मालकांचं चहापाणी उत्तम होतं. कोल्हापूर पट्ट्यात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. यांच्या आजोबांनी उद्यमनगरात ऑइल इंजिनची दुरुस्ती करत सुरुवात केली होती. आइंडहोवनजवळच्या ज्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रांवाचून आज जगातली अत्याधुनिक चिप बनत नाही, तीही १९८४ला फिलिप्सच्या आवारातल्या गळक्या शेडमध्ये सुरू झाली. शेडचं काही नसतं म्हणा.

तक्रार होती मागच्या लॉटमधल्या ब्लो होलची. पंपाच्या बॉडीत वायूची पोकळी राहते, मशिनिंग केल्यावर उघडी पडते, अख्खा माल भंगारात. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, पुढच्या लॉटला शंभर टक्के." पाव्हणीनं डायरी उघडली. "कोण काय बदलणार? कोणत्या तारखेला?" ते म्हणाले, "बघतो की आम्ही." 'बघतो की' याचं डच भाषांतर मला आजतागायत सापडलेलं नाही.

मोल्डिंगच्या खात्यात एक साठीचे मिस्त्री वाळू कालवणाऱ्या मिक्सरपाशी उभे होते. मालक फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा ते पुढं आले. मूठभर वाळू उचलून त्यांनी दाबली, मूठ उघडली. बोटांचे ठसे उमटलेला गोळा. मग दोन्ही हातांनी मधोमध मोडला. "कड बघा. अशी करकरीत मोडाय पायजे. ही लोंबती. पाणी जास्त हाय. उन्हाळ्यात ठरवल्यालं माप अजून तसंच चाललंय." पाव्हणीनंही मूठभर वाळू दाबून मोडली, एकदा, दोनदा, पाच वेळा. हात काळे झाले. मग विचारलं, हे वर कुणाला सांगितलं का? मिस्त्री माझ्याकडं बघत म्हणाले, "इचारलं न्हाई कुणी."

आमच्या आइंडहोवनच्या कारखान्यात विशीतला ऑपरेटर भर मीटिंगमध्ये संचालकाला "हे चालणार नाही" म्हणतो. सुरुवातीला मला घाम फुटायचा. शंभर बैठका होतात, सगळ्यांना बोलू देतात, कंटाळा येईपर्यंत. या रीतीला ते पोल्डरवरनंच नाव देतात, 'पोल्डरन'. समुद्र हटवून केलेली जमीन म्हणजे पोल्डर. तिथं एकाचा बांध चुकला तर सगळ्यांचं शेत जातं, म्हणून आधी सगळ्यांचं ऐकायचं. आम्ही निघताना मिस्त्रींच्या सूचनेसह सात ओळींचा कागद झाला, तारखांसकट. मालकांनी सही केली आणि मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. थाप खरी होती. मिस्त्रींची दिवसाची हजेरी नेदरलँड्सच्या किमान वेतनाच्या एका तासाएवढीही भरत नाही, तिथं तासाला १४ युरोंच्या वर मिळतात. हे मी गाडीत बसल्यावर मनात केलेलं गणित, मोठ्यानं कुणी काही बोललं नाही.

२८ जानेवारी

आज मामाकडं, प्रयाग चिखलीला. इथं पंचगंगा सुरू होते आणि पूर पहिल्यांदा इथंच घरात शिरतो. १९८९च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना वर सोनतळीला जागा मिळाल्या. मामाची त्यामुळं दोन घरं. "खालचं राहायचं, वरचं पळायचं," मामा म्हणतो. पाऊस लागला की जनावरं घेऊन वर, उघडीप दिली की खाली. लाइट बिल दोन्हीकडचं.

गोठ्यात तीन म्हशी आणि एक काळी-पांढरी गाय. "ही एचेप," मामानं ओळख करून दिली. एच. एफ., होल्स्टीन फ्रिजियन. फ्रीसलँड हा पाव्हणीच्या देशाचा उत्तरेकडचा प्रांत. ती गायीपाशी गेली, कपाळावर हात ठेवला आणि डचमध्ये काहीतरी बोलली. गायीनं कान हलवले. मामा मला म्हणाला, "वळाकली बघ." पाव्हणी शेतकऱ्याची पोर, मास आणि वाल नद्यांच्या मधल्या पट्ट्यातली. बापाच्या चाळीस गायी होत्या. आता तिकडं शंभराच्या खाली गोठा परवडत नाही आणि धारा यंत्रमानव काढतो. तिनं बादली मागितली. चाळीस वर्षांनी हातानं धार काढत होती. पहिली दोन मिनिटं काहीच येईना, मामी पदर तोंडाला लावून हसत होती. मग अंगठा आत मुडपून तिला जुनी पकड सापडली आणि बादलीत सर्र सर्र आवाज सुरू झाला. सहा लिटर काढलं.

चहाला मामानं विचारलं, तिकडं शेतकरी रस्त्यावर येतो का? तिनं मोबाइलवर ऑक्टोबर २०१९चा फोटो काढला, हेगकडं निघालेली ट्रॅक्टरची मैलोन् मैल रांग. मामाचा चेहरा उजळला. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला तो एकही वर्ष चुकत नाही. पण कारण ऐकून गोंधळला. जनावरं जास्त झाली, शेणामुतातल्या नायट्रोजननं रानं-ओढे बिघडतायत, म्हणून सरकार कमी करा म्हणतंय, गोठा बंद करणाऱ्याला पैसे देतंय. "जनावरं जास्त झाली?" मामानं दोनदा खात्री करून घेतली.

मग विषय पुराचा निघाला. १९९५च्या जानेवारीअखेर नद्या फुगल्या तेव्हा तिकडं अडीच लाख लोकांना गुराढोरांसकट हलवलं. पाव्हणीचं कुटुंब त्यात होतं. बांध टिकले, पण आता बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीलाच जागा द्यावी असं ठरलं. 'रूम फॉर द रिव्हर' असं त्या योजनेचं नाव. तिच्या मावसभावाच्या पोल्डरात शेतकऱ्यांनी स्वतःच सुचवलं की आम्हाला उंच टेकाडं करून द्या, घरं-गोठे वर नेतो, पूर आला तर शेतात पाणी सोडा. तसं झालं. पण टेकाडं सगळ्यांना पुरली नाहीत, निम्म्याहून जास्त कुटुंबांना जमीन सोडून जावं लागलं.

मामा बराच वेळ बशीतला चहा हलवत राहिला.

"जमिनीचं पैसं ठरल्यापरमाणं दिलं?"

"हो."

"समदं?"

"हो. लेखी होतं."

"कवा?"

"ठरलेल्या तारखेला."

"मग जायाला काय हरकत न्हाई," मामा म्हणाला.

इतकी वर्षं मी ऐकत आलेय, स्वतःही म्हणत आलेय, की आपल्या माणसाचा मातीवर जीव, तो गाव सोडत नाही. मामाचा जीव आहेच. पण त्यानं विचारलेले तिन्ही प्रश्न पैसे, पैसे आणि तारीख असे होते.

साडेसहाला दूध संस्था. मला पाव्हणीला हेच दाखवायचं होतं. काल "सकाळी कवातरी येतो" म्हणून दुपारी दोनला उगवलेला मामा इथं सहा सत्तावीसला किटली घेऊन रांगेत. रांग सरळ. कुणी मध्ये घुसत नाही, सरपंचाची किटलीसुद्धा तिच्या नंबरावर. माप, सॅम्पल, मशीन, कागदाची चिठ्ठी. मामाच्या म्हशीच्या दुधाला ६.८ फॅट लागलं. मामा अडला. "काल सात पॉइंट शून्य हुतं. वैरण तीच, म्हस तीच." सेक्रेटरीनं काही न बोलता पुन्हा सॅम्पल लावलं. ६.८. मामानं चिठ्ठी घडी करून खिशात टाकली, विषय संपला. दहा दिवसांनी बिल, दिवाळीला फरक. गोकुळ संघ १९६३चा. तेव्हापासून हे असंच चाललंय आणि मामाच्या तीन पिढ्यांनी त्यावर लग्नं, घरं, ऑपरेशनं केली.

पाव्हणीच्या बापाचंही दूध सहकारी संघालाच जायचं. तिकडं वर्षअखेरीला राहिलेला हिशेब वाटतात. "फरक!" मी म्हणाले. तिनं शब्द लिहून घेतला. तिच्या सहा लिटरची चिठ्ठी मामानं वेगळी काढायला लावली, गायीचं दूध, ३.६ फॅट. ती डायरीत चिकटवलीय.

मी तिकडच्या वक्तशीरपणावर आणि इकडच्या 'चालतंय की'वर पैजेनं बोलू शकते, ऐकणारेही खूश होतात. त्या रांगेत उभं राहिल्यावर ते सगळं जरा पोकळ वाटलं. माणूस तोच. चिठ्ठीवर विश्वास आहे तिथं तो डच, नाही तिथं कोल्हापुरी.

२९ जानेवारी

रात्री बाबांना चक्कर आली. दहाला डॉक्टरांना फोन, सव्वादहाला दवाखाना, ईसीजी, रक्त, अकराला घरी. पित्त निघालं. पाव्हणी थक्क. मागच्या वर्षी माझी पाठ धरली तेव्हा आइंडहोवनला आधी फोन, मग पॅरासिटामॉल घ्या, मग पुन्हा फोन, आणि तज्ज्ञ दिसायला सात आठवडे. मी हे तिखटमीठ लावून सांगत होते. सकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी विचारलं, बिल किती झालं? अठराशे. "आमी तर सकाळपातुर थांबलो असतो," त्या म्हणाल्या. पाव्हणीच्या घरी झाडलोट करणारी बाई त्याच सात आठवड्यांच्या रांगेत असते, तिच्याच पुढं-मागं.

एक आपलं सहज. कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. आज आई म्हणाली, "तू आल्यावर दोन दिवस 'आले-गेले' करत हुतीस. आता आलीस लायनीवर."

३० जानेवारी

खासबाग मैदान पाहिलं. शाहू महाराज युरोपातनं रोमचं मैदान बघून आले आणि १९१२ला हे पुरं झालं. मग भेळ. तिचे पैसे ती स्वतः देणार म्हणून हटून बसली. तिकडं कॉफी दोघांनी घेतली तर घरी पोचेपर्यंत मोबाइलवर निम्म्या पैशाची मागणी येते. ॲपचं नाव 'टिक्की', आपल्या रगड्याशी संबंध नाही. भेळवाल्यांनी पैसे घेतले नाहीत. पाहुण्यांकडनं घेत नाही म्हणाले. माझ्याकडनं घेतले.

गल्लीतली फुटबॉलवाली पोरं तिला गाठून योहान क्रायफबद्दल विचारत होती. डच संघ १९७४, १९७८ आणि २०१० अशा तीन अंतिम सामन्यांत हरला हे त्यांना तोंडपाठ. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पेठेत तिची किंमत तेवढ्यानं एकदम उतरली.

संध्याकाळी गंगावेशीचा दूध कट्टा. म्हैस रस्त्यावर उभी, समोर धार काढून फेसाळ पेला हातात. तिच्या देशात कच्चं दूध विकायचं तर 'उकळून प्या' अशी पाटी लावावी लागते. तिनं पाटी शोधली, दिसली नाही, आणि पेला एका दमात रिकामा केला. वरच्या ओठावर फेसाची मिशी. "सात पॉइंट दोन," ती म्हणाली. गवळी म्हणाला, "बरोबर."

३१ जानेवारी

अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत शिरतात, ३१ जानेवारीला मूर्तीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. वाटेत वाढलेल्या बांधकामांचं काय करायचं हा वाद जुनाच. आम्ही बाहेर पडद्यावर बघत होतो. गर्दी एरवी रेटते, आज सगळे जागच्या जागी, मान वर.

वाट बघताना तिनं सांगितलं की १९५३ला आजच्याच रात्री समुद्राचे बांध फुटले. १८३६ माणसं गेली. तिच्याकडं शाळेत ही तारीख पाठ करून घेतात. त्यानंतर पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते समुद्राला दारं बसवत होते. आईनं मला विचारलं, काय म्हणती? मी सांगितलं. आईनं हात जोडलेलेच होते, ते तसेच ठेवून म्हणाली, "तिला म्हणावं आत बघ, पायापर्यंत आली."

१० फेब्रुवारी, आइंडहोवन

स्खिपोल विमानतळावर मी विसरलेल्या माझ्या कॉफीची टिक्की आली, ३ युरो ९५ सेंट. भरली.

दुपारी मामाचा फोन. दहा दिवसांचं बिल झालं. "पाव्हणीचं एकशे ब्याण्णव रुपयं हाईत माझ्याकडं. कुठं धाडू?" मी म्हटलं मामा, राहू दे. "राहू दे कसं? चिठ्ठी तिच्याकडं हाय नव्हं?"

कँटीनमध्ये मी तिला सांगितलं. ती हसली नाही. डायरी काढून चिठ्ठी बघितली, सहा लिटर, ३.६, दर ताडून पाहिला, हिशेब बरोबर होता. मामीला देऊन टाका म्हणाली. मग डायरी मिटता मिटता थांबली.

"पण फरक दिवाळीलाच मिळतो ना? तो मी घेणार आहे."